अकरा मिरच्यांचं पंचामृत

डमडम, कोलकाता
बुधवार, ९ जुलै २०२५

सौ. यामिनी हिस,

आशीर्वाद. ते तुला हवेत की नकोत हे मी विचारत नाही. मी मोठी जाऊ आहे, तेव्हा माझ्याकडून लिहायची पद्धत आहे. अनिलभाऊजींचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. पाऊस आहे, डास आहेत, बाल्कनीतले कपडे तीन दिवस वाळलेले नाहीत.

परवा जेवताना अमेयने मोबाईल माझ्या ताटापुढे धरला. "आई, यामिनीकाकूचा मेसेज. तिला तुझ्या बारक्या मिरच्यांचं बी हवंय, गच्चीत लावणार आहे म्हणे." मी म्हटलं, तिला तोंड नाही का? सव्वीस वर्षांत मला एक ओळ लिहिली नाहीस, आणि बी हवं तेव्हा माझ्याच मुलाच्या हातून निरोप. 'वहिनींना विचारशील का' आणि पुढे ते जोडलेल्या हातांचं चित्र. एवढे हात आधी कधी जोडले असतेस तर! असो. बी हवंय ना? देते. पण आधी ऐकून घे. फोन मी करणार नाही. फोनवर तू नुसती "हो ना, हो ना" करतेस आणि ऐकत काही नाहीस.

पहिली गोष्ट, ह्या मिरच्या म्हणजे नर्सरीतल्या शोभेच्या नव्हेत. इथले लोक त्यांना धानी लंका म्हणतात, लंका म्हणजे मिरची. भाताच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, झाडावर खाली लोंबत नाही, सरळ वर तोंड करून उभी राहते. एवढीशी मिरची आणि ताठा केवढा! मला आवडते त्याचं कारण तेच असावं. तुमच्या नागपुरात तिखट म्हणजे वर बोटभर तेलाचा तवंग आणि खाली मसाल्याचा गाळ. घाम आला की तुम्हाला वाटतं जेवण झालं. ह्या मिरचीला तेलाची सोबत लागत नाही. ताकाच्या कढीत एक चीर दिलेली टाकली तरी पुरते. तेलावर परतून मिठाबरोबर ठेचली तर पाच मिरच्यांत चार माणसं जेवतात. लिंबाच्या रसात मीठ घालून बरणीत भरून ठेवल्या तर वर्षभर राहतात, पण ओला चमचा घालायचा नाही. तू घालशील.

आता लावण्याबद्दल. पूर्ण लाल झालेलीच मिरची घ्यायची. बी काढताना हाताला आधी तेल लावायचं, नंतर डोळ्याला हात लावायचा नाही, हे तुला वेगळं सांगायला नको, एकदा शिकलीच आहेस. रात्रभर ताकात भिजवायचं, सकाळी राखेत घोळायचं आणि मातीत वरच्यावर पेरायचं. मग तीन आठवडे काहीही दिसत नाही. इथे चौथ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ व्हिडिओ बघून बागकाम करतात. त्यांनी माझ्याकडून दोनदा बी नेलं, दोन्ही वेळा पंधराव्या दिवशी कुंडी उपसून त्यात झेंडू लावला आणि मला येऊन सांगितलं की तुमचं बी फुकट गेलं. ज्याला वीस दिवस मातीकडे बघत बसता येत नाही त्याने झेंडूच लावावा.

खरं सांगायचं तर माझ्या बाल्कनीतली निम्मी झाडं मी लावलेलीच नाहीत. ती बुलबुलांनी लावली. मिरची लाल झाली की ते येतात, ग्रिलवर बसून एकेक मिरची सबंध गिळतात आणि खालच्या कुंडीत बी टाकून जातात. त्यांना तिखट लागत नाही म्हणे. मी गेलं वर्षभर त्यांच्याकडे बघते आहे. एवढी जाळ मिरची खायची, आणि चोच पुसून दुसऱ्या मिरचीकडे.

मिनतीदी जेवायला हाक मारते आहे. मिनतीदी म्हणजे आमची स्वयंपाकीण. हो, वाचलंस ते बरोबर आहे, माझ्या घरात स्वयंपाकीण आहे. उरलेलं नंतर.

*

दुपारचे तीन वाजलेत. जेवले. वरणात साखर होती.

साखर होती असं प्राजक्ता म्हणाली. प्राजक्ता, माझी सून, न्यू टाउनला कंपनीत जाते, आज घरूनच काम करत होती. तिने पहिल्या घासाला हसून विचारलं, "मिनतीदी, आज पण साखर?" आणि मिनतीदीने जीभ चावली. बंगाली बाईच्या हातात वरणाची पळी दिल्यावर दुसरं काय होणार? वरणात साखर, भेंडीत पोस्तो म्हणजे वाटलेली खसखस, पोळ्या बाळाच्या उशीएवढ्या जाड. आणि फ्रिजमध्ये प्राजक्ताने लावलेल्या चिठ्ठ्या. सोमवार, मंगळवार, बुधवार. भाजीला वार कळतो का? पण पोरगी वाईट नाही हं. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. ती भांडत नाही. मला म्हणते, "आई, तुम्ही खूप वर्षं केलंत, आता आराम करा." माझ्याच ओट्यावरून मला इतक्या गोड शब्दांत कुणी उठवलं नव्हतं.

मला कुणी स्वयंपाकघरात येऊ नको म्हटलेलं नाही. मात्र मी पातेल्याला हात लावला की कुणीतरी आत येतं. पाणी प्यायला, बरणी शोधायला, चार्जर शोधायला. स्वयंपाकघरात चार्जर!

तू विचारशील की हे कधीपासून. तू विचारणार नाहीस, पण अमेयने तुला सांगितलंच असेल. गेल्या गौरींपासून. त्याने काय सांगितलं असेल तेही मला माहीत आहे. "आईच्या हातून जरा तिखट जास्त झालं." मुलगे आईबद्दल असंच बोलतात.

तू ऐकलं नसशील तर माझ्याकडून ऐक. दर वर्षीसारखीच तयारी होती. वीस पानं, इथल्या मराठी मंडळातली आठ कुटुंबं. पुरण, कटाची आमटी, सोळा भाज्या, कोशिंबिरी, सगळं एकटीने, सोवळ्यात. आणि पंचामृत. तीळ, दाणे, खोबरं, चिंच, गूळ आणि माझ्या अकरा मिरच्या. वीस पानांना अकरा, दहा नाहीत, बारा नाहीत. हे माप तुझ्याही कानावर आलं असेल. नैवेद्याचं म्हणून चाखायचं नाही, आणि एरवीही मी कधी चाखलं नाही. सासूबाईंनी मला ओट्यापाशी उभी केली तेव्हा सांगितलं होतं, चाखून स्वयंपाक कुणालाही येतो. मी नाकावर करत आले. मिरची फोडणीत पडली, की खकाणा उठतो, त्याच्यावरून मला कळतं किती झालं. पन्नास वर्षं नाकाने दगा दिला नाही.

गेल्या वर्षी खकाणा उठला नाही. अकरा घातल्या, वास नाही. मला वाटलं, यंदा पाऊस फार, मिरच्या पाणचट झाल्या. आणखी अकरा घातल्या. तरी नाही. मग मी मोजणं सोडलं आणि ओंजळभर टाकल्या.

बाहेर प्राजक्ता खोकत होती. मी म्हटलं, ह्या हल्लीच्या मुलींना फोडणीसुद्धा सोसत नाही.

पुढचं उद्या लिहिते. पाठ दुखायला लागली.

*

१० जुलै

पाठबिठ काही दुखत नव्हती.

नैवेद्य झाला, पानं वाढली. ऋता, अमेयची मुलगी, सात वर्षांची. तिचा हट्ट असतो की आजीचं पंचामृत आधी तिला. ती इथली मुलगी, मराठी तोडकंमोडकं, रागावली की बंगाली, शाळेचं सगळं इंग्रजी. पण पंचामृत म्हणते अगदी स्वच्छ. तिने बोट भरून तोंडात घातलं. मग ओरडायला लागली. "झाल! आजी, खूब झाल!" बंगालीत झाल म्हणजे तिखट. ओठ सुजले, डोळे गेले मिटून, हात डोळ्याला लागला तशी आणखी किंचाळली. तोवर इतरांनीही घास घेतले होते. मंडळाचे अध्यक्ष पानावरून उठून बेसिनकडे धावले. बायका पदर तोंडात कोंबून बसल्या. आणि मी काय केलं सांगू? मी ऋताला म्हटलं, "नाटकं बंद कर. आणि रडायचं तर मराठीत रड."

असं म्हटलं मी. वीस माणसांसमोर.

अमेयने तिला उचललं आणि डॉक्टरकडे नेलं. प्राजक्ता अनवाणी त्याच्यामागे जिना उतरली. मंडळातली एक बाई मला म्हणाली, "काकू, तुम्ही घ्या बघू." सगळे माझ्याकडे बघत होते. मी मांडी घातली, पानावरचं सगळं पंचामृत घेतलं आणि खाल्लं. डोळ्यात पाणी नाही, नाकात पाणी नाही. म्हटलं, "बघा, मला काही झालं? तुमच्या जिभाच साखरेच्या झाल्यात." ते सगळे गेले तेव्हा म्हणत असतील, काय हेकट बाई आहे. म्हणू देत. हेकट म्हटलेलं मला चालतं.

तोंडात काहीच नव्हतं, यामिनी. चिंच नाही, गूळ नाही, मिरची नाही. जिभेला थोडी ऊब लागली, बस. ओली माती खाल्ल्यासारखं वाटलं.

गेल्या वर्षी जूनमध्ये ताप आला होता, आठ दिवसांत उतरला. त्यानंतर जेवणाला चव नव्हती, पण आजारपणानंतर कुणाला असते? आणि मी कधी चाखलंच नव्हतं, मग गेलंय हे मला कळणार कसं? तुळस चुरगळली तर वास आला नाही, तेव्हा मी तुळशीला नावं ठेवली. गौरी झाल्यावर एकटीच मेट्रोने जाऊन एका डॉक्टरला दाखवून आले. त्याने दोन बाटल्या नाकाखाली धरल्या. एकीत लवंग होती, एकीत कॉफी, हे त्याने मागाहून सांगितलं. म्हणाला, विषाणूच्या तापात कधी कधी नाक, जीभ, तिखटाची जाणसुद्धा जाते. येईल, किंवा येणार नाही. मी फाईल घरी आणून साड्यांच्या खाली ठेवली.

अमेयला सांगितलेलं नाही. आधी कीव करेल, मग इंटरनेटवर वाचत बसेल. हेकट आईला तो घाबरतो तरी. बिचाऱ्या आईला घाबरणार नाही.

हे एका माणसाला माहीत आहे आणि ते माणूस कोण असावं? मिनतीदी! मे महिन्यात सकाळी मी चहा ठेवायला गेले, ते चहा उतू जाऊन गॅस विझला आणि मी तिथेच उभी राहून मिरच्यांची देठं काढत होते. ती सियालदहवरून लोकलने येऊन नुकती दारात पोचली होती. धावत आली, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, मग माझ्याकडे बघत राहिली. "माशीमा, गंधो पाच्छेन ना?" वास येत नाही का तुम्हाला. मी तिला म्हटलं, आपलं काम कर. तिने काम केलं. कुणाला काही बोलली नाही. तेव्हापासून मी ओट्यापाशी गेले की पोळपाट सोडून माझ्याशेजारी येऊन उभी राहते. तिच्या पोळ्या अजूनही जाड आहेत.

ऋता माझ्या हातचं खात नाही. लाडू दिला तर "आजी, तू आधी," म्हणते. मी आधी खाते, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत बसते. माझ्या तोंडावर काय दिसणार? ती हुशार आहे. मग मिनतीदीला दाखवते, आणि मिनतीदीने मान हलवली की खाते. सात वर्षांच्या मुलीने शोधून काढलं, की आजीला विचारून उपयोग नाही.

यंदा गौरी एकतीस ऑगस्टला येतात, एक सप्टेंबरला जेवण. अमेय म्हणाला, यंदा केटररला सांगू, तुला त्रास नको. देवीपुढे केटररचं पुरण! डब्यात झाकून येणार, वर चिठ्ठी लावलेली. मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, पंधरा ऑगस्टपर्यंत सांग, नंतर ऑर्डर घेत नाहीत. म्हणजे एवढेच दिवस माझ्या हातात आहेत. यंदा ओटा सोडला तर तो परत माझा होणार नाही हे मला समजतं, आणि ऋता मोठी होऊन एवढंच सांगेल की आमची एक आजी होती, तिने मला भाजलं.

आता एकोणीसशे नव्याण्णव सालच्या गौरींबद्दल. हे लिहायचंच नाही असं ठरवून मी काल पत्र सुरू केलं होतं. दोन पानं नुसत्या मिरच्यांवर काढली.

तू लग्न होऊन आली होतीस, अनिलभाऊजींची बँकेतली बदली इथली, तुम्ही दोघं आमच्याकडे ह्याच घरात. मी तुला सियालदहच्या बाजारात मिरच्या आणायला पाठवलं आणि तू ह्या एवढ्याशा घेऊन आलीस. बारक्या आहेत म्हणून बेताच्या असतील असं तुला वाटलं. मी हसले. आजूबाजूच्या बायकांनाही हसवलं. पंचामृत तुला करायला सांगितलं आणि तू त्यातल्या ओंजळभर घातल्यास, वर तोच हात डोळ्याला लावून घेतलास. मग मी आत आले तेव्हा तू तळहातावर थेंब घेऊन चाटत होतीस. नैवेद्य व्हायचा होता. मी सगळ्यांसमोर पातेलं मोरीत उपडं केलं. "उष्टं खाऊ घालतेस देवीला? तुझ्या आईने हेच शिकवलं?" असं म्हटलं. तू म्हणालीस, "वहिनी, फार तिखट झालंय, म्हणून बघितलं." मी तुला स्वयंपाकघरातून बाहेर जा म्हटलं. तू गेलीस. महिन्याच्या आत तुम्ही भाड्याची खोली घेतलीत, वर्षभरात नागपूर.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हा आलीस, तेरा दिवस राहिलीस, मंडळींची उठबस केलीस. पण स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाहीस. पाणीसुद्धा दाराशी उभी राहून मागून घेतलंस. मी तेव्हा मनात म्हटलं, काय डूख धरून बसली आहे. चूक होती माझी. मी तुला जा म्हटलं होतं, ये कधीच म्हटलं नव्हतं.

तू चाखलं नसतंस तर त्या दिवशी वीस माणसं भाजली असती. त्यात दहा वर्षांचा अमेय होता. हे मला तेव्हाही कळलं होतं. पातेलं उपडं केल्यावर माझं बोट भरलं होतं, ते मी तू गेल्यावर तोंडात घातलं. हो, मी. नंतर तासभर माझ्या तोंडाची आग थांबली नव्हती. आणि पिशवीत उरलेल्या तुझ्या मिरच्या मी रागाने बाल्कनीतल्या मोकळ्या कुंडीत भिरकावल्या. पुढच्या चैत्रात तिथे रोप आलं. त्यालाच मी सव्वीस वर्षं माझी मिरची, माझी मिरची म्हणत आले. मंडळात मिरवली. ह्यांना कौतुक. अकरा मिरच्यांचं माप मी कष्टाने बसवलं हे खरं, पण बी तुझं आहे. तू मेसेजमध्ये 'तुमच्या मिरच्या' असं लिहिलंस, ते वाचून मला जेवण गेलं नाही. एरवीही कुठे जातं म्हणा.

तर आता ऐक. ह्या पाकिटात बी नाही, शोधू नकोस. तू इथे ये. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ये, भाऊजींचा गुडघा सांभाळून दोघंही या. पंचामृत मी करीन. तू माझ्याशेजारी ओट्यापाशी उभी राहा आणि नैवेद्याच्या आधी तळहातावर थेंब घेऊन चाख. सगळ्यांसमोर चाख. तिखट झालं असेल तर मोठ्याने सांग. पातेलं उपडं करायची वेळ आली तर मीच करीन. देवीला उष्टं चाललं नाही तर ते माझं मी बघून घेईन. ऋताने पाहायला हवं, की आजीच्या पंचामृताची चव कुणीतरी बघितली आहे.

अमेयला तू आल्यावर सांगीन. तू शेजारी असलीस तर सांगता येईल.

बी तुझ्या हातावर ठेवीन. मिरची हातावर दिली की भांडण होतं असं आपल्यात मानतात. होऊ दे. आपण कधी भांडलोच नाही, यामिनी. मीच बोलले आणि तू गेलीस. तुझं काय म्हणणं होतं ते मला अजून ऐकायचं आहे.

पंधरा ऑगस्टच्या आत कळव. अमेयला मेसेज करू नकोस. मला लिही.

तुझी वाट बघणारी,
जिला आता चव कळत नाही ती तुझी वहिनी,
कालिंदी